बोयानने पाठवलेले सेल

पेर्निक, २३ जानेवारी

बोयान,

हे सेल तू का पाठवलेस?

मी मागितले नव्हते. मंगळवारी मितकोची व्हॅन जर्मनीहून आली. मी पेट्रोलपंपामागे आईच्या औषधांची पिशवी घ्यायला गेले, तर त्याने माझ्या हातात हे जडशीळ खोकं कोंबलं. वर म्हणतो, "भावाने दिलंय. आपटू नकोस बाई, नाहीतर अख्खं पेर्निक उडेल." मी म्हटलं, उडू दे, कुणाला कळणार नाही. घरी येऊन उघडते तर काय, बॅटरीचे सेल. एकेक कागदात गुंडाळलेला, अंडी गुंडाळावीत तसा.

दोन वर्षं तुझा शब्द नाही. माझा फोन उचलत नाहीस, आईचा उचलतोस. बाबा गेले तेव्हा एक दिवस उशिरा आलास, दारात उभा राहिलास, आणि मी विचारलं, "घराच्या किल्ल्या न्यायला आलास का?" विचारलं ते विचारलं. हो म्हणायचं, नाही म्हणायचं. तू बॅग उचललीस आणि आल्या पावली परत गेलास. आणि आता एकदम हे खोकं! आईने तुला सायकलीचं सांगितलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. पण तुला एवढा पुळका कशाचा? कुठंतरी पाणी मुरतंय.

आईने सांगितलं म्हणजे अर्धंच सांगितलं असेल, म्हणून पुरतं ऐक. ज्याच्या गाडीतून मी सोफियाला जायचे तो स्तोइल निवृत्त होऊन गावी गेला. आगारातून पहिली ट्राम निघायच्या आधी मला तिच्या मोटरी तपासाव्या लागतात, आणि त्या वेळी पेर्निकहून ना बस ना रेल्वे. गाडी चालवायला मला येत नाही, आणि या वयात शिकायची नाही. दोनदा उशीर झाला. पेशेव साहेब म्हणाले, "रोसित्सा, तिसऱ्यांदा झाला तर पहिली पाळी दुसऱ्याला." पहिली पाळी गेली की दुपारनंतर आईजवळ कोण बसणार? म्हणून बाबांची जुनी सायकल काढली. मागच्या चाकात मोटर बसवते आहे, चांगली दांडगी, कारण व्लादायाचा चढ तुला माहीत आहे. कायद्यात बसणाऱ्या मोटरीने तो चढायचा म्हणजे मागून कुणीतरी ढकलायला हवं.

सेल मी ठेवून घेतले आहेत. आभार मानत नाही. आधी कारण सांग.

रोसित्सा


पेर्निक, २० फेब्रुवारी

बोयान,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, एक ओळ! "डब्याला वरूनही रबर लाव." दोन वर्षांनंतर सख्ख्या बहिणीला लिहायला तुला एवढंच सुचलं? आणि सोबत हातमोजे. काळे, आतून लोकरीचे, बरोब्बर माझ्या मापाचे. माझं माप तुला कसं माहीत?

डबा मी बनवला आहे, तू नाही. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्यावर पत्रा, सायकलीच्या मधल्या त्रिकोणात घट्ट बसवलाय. मोटरीचा आस फिरून निसटू नये म्हणून मागेही अँगलचेच दोन तुकडे जोडलेत. आगारातले सोफियावाले हसून हसून लोळले, पेर्निकच्या माणसाच्या हातात कायम अँगल असतो हा त्यांचा जुना विनोद. "पेर्निकची बाई, अँगलशिवाय तिचं पान हलणार आहे का?" मी म्हटलं, भांडण झालं तर काढून डोक्यात घालता येतो, तुमच्या गाड्यांचं काय निघतं? खालच्या बाजूने डबा पक्का बंद केलाय, रस्त्यावरचं पाणी चाकाने खालूनच उडतं. वर वायरीसाठी एक भोक आहे. पाऊस असला तर पिशवी बांधीन. तू मानहाइममध्ये लोकांच्या महागड्या सायकली दुरुस्त करतोस म्हणून मला शिकवू नकोस. मी ट्रामच्या मोटरींचं वाइंडिंग करते.

आता सेलांचं. मी एकेक मीटर लावून मोजला. सगळे एकसारखे भरतात! दुकानात आलेल्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल असे कधी असतात का रे? एक तगडा, एक मरतुकडा, असंच असतं. हे म्हणजे जुळ्यांची पलटण. एकतर तू आठवडेच्या आठवडे बसून एकेक निवडला असशील, आणि माझ्यासाठी तू असं कशाला करशील? नाहीतर जुन्या सेलांवर नवी प्लास्टिकची सालं चढवली असशील. मी एकाचं साल सोलून पाहिलं. आत काही सापडलं नाही. म्हणजे हुशारीने केलंय.

खाली राहणारा किरो काका रोज तळघरात डोकावतो. मी वायरींना डाग देत असते आणि हा दाराला टेकून उभा. "रोसे, ही सायकल आहे का रणगाडा?" मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? "मला काही नाही, पण पोलीस विचारतील." म्हणजे हाच सांगणार पोलिसांना. मोटरीवर मी कायद्यात बसेल एवढ्या ताकदीची चिठ्ठी चिकटवून ठेवली आहे.

आई म्हणते, तिच्या नावाच्या दिवशी तू येणार आहेस. फुलांच्या रविवारी, इस्टरच्या आधीच्या, फुलांची नावं असलेल्या सगळ्यांबरोबर तिचाही असतो तो. तुला विचारून सांगते की स्वतःच्या मनचं सांगते, कळत नाही. बाबा गेल्यापासून तिचा नावाचा दिवस झालेला नाही. दोन्ही वर्षी मीच दार बंद ठेवलं.

रोसित्सा


पेर्निक, १३ मार्च

बोयान,

चालली!

आधी हे लिहिते, बाकीचं नंतर. व्लादायाच्या घाटात मी ट्रकच्या बाजूने वर गेले रे, वर! पायडल नुसतं दाखवायला फिरवत होते. ट्रकवाल्याने काच खाली करून ओरडून विचारलं, "आजी, काय खाऊन निघालीस?" आजी! मी त्याला तिथेच मागे टाकला. वर पोचले तेव्हा समोर सोफियाचे दिवे दिसत होते आणि मी एकटीच मोठ्याने हसत होते. किती दिवसांनी हसले, मलाच आठवेना. आगारात पेशेव साहेबांच्या आधी पोचले. त्यांनी सायकलीला एक फेरी मारली, मोटरीवरची चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी काही वाचलेलं नाही."

आता बाकीचं. पहिल्याच दिवशी आईने तांब्याचं भांडं भरून काढलं. नव्या कामाला निघतेय म्हणे, पायापुढे पाणी ओतते, पाण्यासारखं सुरळीत जाऊ दे. मी ओरडलेच. बाबांना दवाखान्यात नेलं त्या सकाळीही तिने उंबऱ्यावर असंच ओतलं होतं. काय सुरळीत झालं? मी बजावलं, या घरात माझ्या पायापुढे पुन्हा पाणी ओतायचं नाही. "बरं," म्हणाली आणि भांडं आत ठेवून आली. आई इतक्या लवकर "बरं" म्हणत नाही. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती, पण उशीर होत होता.

मार्टेनित्सा मात्र बांधू दिली. लाल-पांढरा दोरा, हँडलला. करकोचा दिसला की सोडून झाडाला बांधायचा. तूही एक बांधली असशील, की जर्मनीत लाज वाटते?

आणि किरो काकाचं काहीतरी बिनसलंय. मी सायकल वर आणून दारात उभी करते, तळघराला कुलूप लावायला परत खाली जाते, आणि वर येते तर दारासमोर ओलं. रोज. पाऊस नाही, बर्फ कधीच वितळलं. काल घसरता घसरता वाचले. सकाळी सकाळी हा माणूस कसली धुलाई करतो? मी विचारलं तर म्हणतो, "पोरी, त्या वेळी मी घोरत असतो, बायकोला विचार." बायकोला विचारायला सांगणारा माणूस हमखास खोटं बोलत असतो.

सेल अजून तरी चांगले चालताहेत. अजून तरी. आईने तुझ्यासाठी गादी उन्हात घातली आहे. मी काही म्हणत नाही. येणार असशील तर ये.

तुझी बहीण


पेर्निक, २७ मार्च

बोयान,

येऊ नकोस.

सोमवारी घाटाच्या मध्यावर मोटर मेली. आधी एक हिसका, मग जळकट वास, मग काही नाही. अंधार, मागे ट्रक, आणि मी त्या रणगाड्यासकट रस्त्याच्या मधोमध. ट्रकवाल्याने कशी गाडी वळवली त्याचं त्याला ठाऊक. माझ्या कोटाला घासून गेला. मी कठड्याला चिकटून उभी राहिले. मग ते धूड वरपर्यंत ढकललं. आगारात पोचेपर्यंत पहिल्या ट्रामा गेल्या होत्या.  पेशेव साहेबांनी तीन बोटं वर करून दाखवली आणि म्हणाले, "इस्टरपर्यंत बघतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

घरी येऊन डबा उघडला. खालच्या ओळीतले सेल गंजलेले, तोंडाशी हिरवं-पांढरं साचलेलं, पट्ट्या खाल्लेल्या. या महिन्यात पावसाचा एक थेंब पडलेला नाही. मी पिशवीची घडीसुद्धा मोडली नाही. मग ओल आली कुठून? एकाच ठिकाणाहून येऊ शकते, सेलांच्या पोटातून. जुने, सडके, गळके सेल तू नवी सालं चढवून पाठवलेस. मला आधीपासून वाटतच होतं. जुळ्यांची पलटण म्हणे!

मी दारात तुला जे विचारलं त्याचा असा सूड? की मला वाटतंय त्याहून साधं आहे, दुकानात टाकायला निघालेला कचरा बहिणीच्या माथी मारलास? खरं काय ते तुझ्यापाशी ठेव. माझ्या कोटावर ट्रकचा काळा पट्टा आहे, तो आईपासून लपवून ठेवलाय. त्या पट्ट्याच्या दोन बोटं अलीकडे मी होते, बोयान.

फुलांच्या रविवारी तुझ्यासाठी दार उघडणार नाही. गादी आत आणली. आई का म्हणून विचारते, तिला तूच सांग.

रोसित्सा


पेर्निक, ३ एप्रिल

बोयान,

मागचं पत्र तुझ्या हातात असेल. ते फाड. हे वाचून होईपर्यंत थांबू नकोस, आधी ते फाड.

तुला फोन केला. एकदा, दोनदा, कितीदा. तू उचलत नाहीस, आणि ते पत्र वाचल्यावर कोण उचलेल! म्हणून सगळं लिहिते. मितको उद्या निघतोय. त्याला सांगितलंय, हे पत्र पेटीत टाकायचं नाही, दुकानात जाऊन तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचेपर्यंत तिथेच उभं राहायचं. तो म्हणाला, "पैसे जास्त पडतील." मी म्हटलं, चटणीच्या दोन बरण्या. कबूल झाला.

मेलेले सेल मी काढून टाकले, उरलेल्यांची बॅटरी पुन्हा जोडली. ताकद कमी, पण हळूहळू घाट चढते. रविवारी सहज डबा उघडला, तर आत तळाशी पाणी. थेंब थेंब, स्वच्छ, नळाचं असतं तसं. सेल गळाला तर असं गोड पाणी बाहेर येत नाही. हे मला तेव्हाही कळलं असतं, पण तेव्हा ती घाण सुकून गेली होती आणि माझं डोकं तापलं होतं.

मग माझी खात्री पटली, हे काम किरो काकाचं. मी ठरवलं, चोराला मुद्देमालासकट धरायचा. सायकल वर आणली, डब्याच्या वर चिमूटभर पीठ भुरभुरलं, हात लावला तर बोटं उमटतील. तळघराला कुलूप लावून आले तर बोटं नाहीत. वायरीच्या भोकापाशी पिठाचा गोळा, छान मळलेला, लाटायला घ्यावा असा!

दुसऱ्या दिवशी मी कुलूप लावलंच नाही. तळघराच्या जिन्यात, अंधारात, हातात अँगलचा तुकडा घेऊन बसले. हसू नकोस.

वरून चपलांचा आवाज आला. चपला मी ओळखल्या. आई, झग्यावर शाल, हातात तांब्याचं भांडं. इकडे तिकडे पाहिलं, सायकलीपाशी आली, डब्याच्या बरोब्बर मधोमध थोडंसं पाणी ओतलं, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली आणि हँडलवरून हात फिरवला. बाबांच्या पाठीवरून फिरवायची तसा.

"आई!"

तिने भांडं शालीत लपवलं. "झाडांना घालतेय."

"सायकलीला पानं फुटलीत का?"

 हनुवटी वर करून म्हणते, "तू म्हणालीस पायापुढे ओतायचं नाही. मी नाही ओतलं. सायकलीचं तू काही बोलली नव्हतीस."

"पण डब्यावर? त्यात वीज आहे गं आई! मी घाटात मरता मरता वाचले!" तोंडातून गेलंच.

तिचा चेहरा असा झाला की मला बोललेलं परत गिळावंसं वाटलं. भांडं हातात घट्ट धरून ती तिथेच पायरीवर बसली. "मला काय माहीत त्यात काय आहे," म्हणाली. "मला वाटलं, मधे ओतलं की दोन्ही चाकांना पोचेल."

तेवढ्यात खालच्या दारातून किरो काका, पायजम्यात. "सापडला का चोर?" मग आईला पायरीवर पाहिलं, माझ्या हातातला अँगल पाहिला आणि दार लावून घेतलं. त्याच्याकडे मी नंतर केक घेऊन गेले. त्याने आधी वास घेतला, मग खाल्ला.

मी आईच्या शेजारी बसले. उशीर होत होता, होऊ दिला. मी विचारलं, "ओतायचंच होतं तर पहिल्या दिवशी एकदाच ओतायचं. रोज रोज कशाला?"

तिने भांड्यात उरलेलं पाणी हलवून पाहिलं. मग म्हणाली, "बोयान जर्मनीला निघाला तेव्हा मी भरलेलं भांडं ओतलं होतं गं, एकदम, अख्खं. तो गेला तो वाहतच गेला. तुझ्या बाबांच्या वेळीही अख्खंच. म्हणून तुला रोज थोडं थोडं ओतते. दुपारपर्यंत पुरेल एवढंच. मग तू परत येतेस."

बोयान, मला रडू आलं. तिथेच, पायरीवर, हेल्मेट घालून रडले. तीही रडली. मग ती मला म्हणाली, "ऊठ, उशीर होईल," आणि मी उठले. आगारात वेळेत पोचले, कसं ते मला विचारू नकोस, उताराला मी ब्रेक लावलेले नाहीत.

डब्याला वरून रबर लावलं आहे. तू एका ओळीत सांगितलंस, मी ऐकलं नाही. सेल तुझे चांगले होते. तू एकेक मोजून निवडलास, हे मला आता दिसतं, आणि असं काम किती किचकट असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या संशयाला औषध नाही, हे सगळं लिहितानाही मनात येतंय की हातमोज्यांचं माप तुला आईने कळवलं असणार. कळवलं तर कळवलं. रोज घालते.

आता आई माझ्यासमोर ओतते. पुढच्या चाकावर, मोजकं. मी पाय टेकून उभी राहते. काल घाटातल्या नदीकाठी करकोचा दिसला. हँडलवरचा दोरा सोडून जर्दाळूच्या फांदीला बांधला, मितको जिथे व्हॅन उभी करतो त्याच झाडाच्या.

नावाच्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं, हे मला माहीत आहे. ज्याला आठवण असते तो येतो, दार उघडंच असतं. पण मी तुला लिहिलं आहे की उघडणार नाही. म्हणून रीत मोडून बोलावते आहे. ये. फुलांच्या रविवारी, मितकोबरोबर, नाहीतर जसं जमेल तसं. उशीर झाला तरी ये, दुसऱ्या दिवशी आलास तरी ये. दारात मी असेन आणि काही विचारणार नाही.

गादी पुन्हा उन्हात घातली आहे. आणि तू परत निघशील तेव्हा आई पाणी ओतेलच, तिला कोण थांबवणार. पण भांडं नाही, वाटीनेच ओतायचं, असं आमचं ठरलंय. कपाट उघडून सगळ्या वाट्या मी ओट्यावर मांडल्या आणि त्यातली सगळ्यात लहान निवडून वेगळी ठेवली आहे.

तुझी ताई